फीट येते, म्हणून घरी बसायचं?

मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर १९७३ च्या फेब्रुवारीत झालेली भारत-इंग्लंड कसोटी ज्यांनी पाहिली, त्यांना एक प्रसंग नक्की आठवत असेल. आपल्या गुंडाप्पा विश्वनाथने शतक पुरं केलं आणि इंग्लंडचा टोनी ग्रेग लांब ढांगा टाकत त्याच्यापाशी आला. ग्रेग चांगला साडेसहा फूट उंच. त्याने आपल्या बुटक्या विश्वनाथला तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांवर उचललं आणि जोजवलं! सारं मैदान हसून लोटपोट झालं. त्याच सामन्यात ग्रेगने स्वतःही १४८ धावा काढल्या.

टाळ्या पिटणाऱ्या त्या हजारो प्रेक्षकांना एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. टोनी ग्रेगला फीट येत असे. पहिली आली ती वयाच्या चौदाव्या वर्षी, टेनिस खेळता खेळता. १९७१-७२ च्या मोसमात दक्षिण आफ्रिकेत एका सामन्यात तो मैदानावरच कोसळला होता. म्हणजे ब्रेबॉर्नच्या आधी जेमतेम वर्षभर. पुढे १९७५ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पुन्हा एकदा आली. औषधं घेत, स्वतःला सांभाळत हा माणूस ५८ कसोट्या खेळला, ३५९९ धावा आणि १४१ बळी त्याच्या नावावर जमा झाले, आणि १९७६-७७ मध्ये कप्तान म्हणून येऊन त्याने आपल्याला आपल्याच देशात ३-१ ने हरवलं. आपल्या दुखण्याविषयी तो उघडपणे बोलू लागला तो पुष्कळ नंतर.

वीस वर्षांनी, १९९३ च्या नोव्हेंबरात, त्याच ब्रेबॉर्नवर दक्षिण आफ्रिकेच्या जॉन्टी ऱ्होड्सने वेस्ट इंडीजविरुद्धच्या एका दिवसाच्या सामन्यात पाच झेल घेतले. यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूच्या दृष्टीने तो विक्रमच होता. चेंडूमागे आडवा झोकून देणारा हा ऱ्होड्स. त्यालाही लहानपणापासून हाच विकार.

मैत्रिणींनो, क्रिकेटचं पान चुकून इकडे आलं की काय, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. फीट येणाऱ्या पोरीला आपण घरात काय काय करू देत नाही, हे आठवलं की मला हे दोघे आठवतात. आधी शाळेतला कवायतीचा तास बंद होतो. मग कबड्डी, मग सहल. मग 'एवढ्या लांब कॉलेजला कशाला एकटीने' म्हणून शिक्षण. परिचारिका व्हायचं असतं, पोलिसांत जायचं असतं, नाच शिकायचा असतो, त्यावर आई एकच म्हणते, "बाई, तुला दगदग सोसायची नाही." आईची माया खोटी नसते. पण दगदगीने फीट येते हे मात्र बहुतांशी खोटं आहे.

दगदग आणि फीट

अपस्मार, मिरगी, फेफरं, आकडी, काहीही म्हणा, हा मेंदूचा विकार आहे. मेंदूतल्या पेशी अगदी बारीक विजेच्या इशाऱ्यांनी एकमेकींशी बोलत असतात. बाजाराच्या दिवशी जो तो आपापलं बोलत असतो तसं. पण साऱ्या बाजाराने एकदम, एकाच सुरात आरोळ्या ठोकायला सुरुवात केली तर कुणाचं काही चालेल का? फीट म्हणजे तसंच. मिनिट-दोन मिनिटांत आरोळी थांबते आणि बाजार हळूहळू पूर्ववत होतो. दर वेळी माणूस पडतोच, झटके येतातच असंही नाही. एखादी मुलगी बोलता बोलता क्षणभर शून्यात बघत राहते, एखादी साडीचा काठ चुरगाळत बसते आणि नंतर तिला काही आठवत नाही, हीसुद्धा फीटच.

ही आरोळी कशाने उठते? गोळी चुकणं हे पहिलं कारण. अपुरी झोप हे दुसरं. ताप, दारू, काही जणींना पाळीच्या आगेमागे, थोड्यांना लुकलुकणारे दिवे. श्रमानेच फीट येणारे लोकही असतात, नाही असं नाही, पण ते अगदी थोडे. बाकीच्यांना नेमाने केलेला व्यायाम बाधत तर नाहीच, उलट झोप चांगली लागते आणि मन ताळ्यावर राहतं.

इथे आयांच्या मनातली एक शंका मला माहीत आहे. मेंदूचा आलेख काढताना डॉक्टर मुलीला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, कारण काही जणांत त्याने आतला गोंधळ उघडा पडतो. आईने हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग तिला वाटणारच, की धावून धाप लागली तरी तेच होणार! पण बसल्या जागी ओढूनताणून घेतलेला श्वास निराळा आणि धावून लागलेली धाप निराळी. बसून जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि मेंदू बिथरतो तो त्यामुळे. धावताना स्नायू तोच वायू भराभर तयार करत असतात, श्वास तो बाहेर टाकत असतो, हिशेब जुळून येतो.

डॉक्टरांनाही हे उमगायला वेळ लागला बरं का. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने १९६८ मध्ये अशा मुलांनी अंगाला अंग भिडणारे खेळ खेळू नयेत असं सांगितलं होतं, आणि १९७४ मध्ये तेच मत सैल केलं. २०१६ मध्ये अपस्माराच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने खेळांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात फारसा जादा धोका नाही: बहुतेक मैदानी शर्यती, क्रिकेट, हॉकी, फुटबॉल, नृत्य, इतकंच काय कुस्तीसुद्धा! दुसऱ्यात खेळणाऱ्याला थोडा धोका: पोहणं, सायकल, घोडेस्वारी, जिम्नॅस्टिक्स, वजन उचलणं. तिसऱ्यात मोठा धोका, आणि कधी कधी दुसऱ्यांनाही: डोंगरकडे चढणं, पाण्यात खोल बुडी मारणं, मोटारींच्या शर्यती, विमान. नीट पाहा, यात कोण किती दमतं याचा विचारच केलेला नाही. नेमकी तिथे, त्या क्षणी शुद्ध हरपली तर काय होईल, एवढाच विचार आहे.

गाडी गेली, सायकल आली

मारियों क्लिन्ये या सायकलपटूची गोष्ट मला या दोघा क्रिकेटवाल्यांपेक्षाही जवळची वाटते. एक तर ती बाई आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत शिकागोला फ्रेंच आईबापांच्या पोटी जन्मलेली. बाविसाव्या वर्षी तिला अपस्माराचं निदान झालं आणि तिथल्या नियमाप्रमाणे मोटार चालवण्याचा परवाना गेला. आता कामावर जायचं कसं? तिने सायकल काढली. रोज जाऊन-येऊन पाय असे तयार झाले, की ती शर्यतींत उतरली आणि जिंकू लागली.

मग अडलं कुठे? तिच्या सांगण्याप्रमाणे, विकाराचं कळल्यावर अमेरिकेच्या संघाचं दार तिच्यासाठी उघडेना. तेव्हा ती आईबापांच्या देशात गेली आणि फ्रान्सतर्फे खेळू लागली. १९९१ मध्ये फ्रान्सच्या चौघींनी सांघिक शर्यतीचं जागतिक विजेतेपद मिळवलं, त्यात ती होती. पुढे एकटीने धावपट्टीवरच्या पाठलागाच्या शर्यतीत १९९४, १९९६ आणि १९९९ मध्ये जगज्जेती. सगळी मिळून सहा जागतिक विजेतेपदं. १९९६ च्या अटलांटा आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक. सिडनीला ती छत्तीस वर्षांची होती! आपल्याकडे छत्तिसाव्या वर्षी बाईला जिना चढताना 'जपून हं' म्हणतात.

आणि सायकल ही दुसऱ्या गटातली, हेही ध्यानात घ्या. धोका नव्हता असं नाही. तो डॉक्टरांबरोबर बसून मोजलेला होता.

पण उगाच गोड गोड सांगायचं नाही. अमेरिकेचीच फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर. १९८८ मध्ये तिने शंभर मीटर १०.४९ सेकंदांत आणि दोनशे मीटर २१.३४ सेकंदांत धावून जे विक्रम केले, त्यांच्या जवळपास पोचायलाही बायकांना नंतर दशकं लागली. १९९० मध्ये विमानात तिला फीट आली होती. १९९८ च्या सप्टेंबरात, अडतिसाव्या वर्षी, रात्री झोपेत फीट येऊन उशीत तोंड दबल्याने ती गुदमरून गेली. तिच्या मेंदूत रक्तवाहिन्यांची एक जन्मजात गाठ निघाली. तिला धावपट्टीने मारलं नाही, अंथरुणात मृत्यू आला. ज्यांच्या फीट औषधाने आटोक्यात नाहीत, विशेषतः रात्री येतात, त्यांनी खोलीत एकट्याने झोपू नये, पालथं झोपू नये, आणि डॉक्टरांकडून औषधाचा मेळ पुन्हा नीट बसवून घ्यावा, तो यासाठी.

आपली शेतं, आपली इस्पितळं

आता तुम्ही म्हणाल, ऑलिंपिकच्या गोष्टी वाचून आमच्या पोरीला काय उपयोग? बरोबर आहे. आपल्याकडे अंगमेहनतीचं काम म्हणजे उसाची तोड, भाताची लावणी, डोईवर मासळीची पाटी, बांधकामावरची घमेली, इस्पितळात रोग्याला उचलून कूस वळवणं, शाळेत खेळांची शिक्षिका होणं. तरीही प्रश्न तोच लागू पडतो. या कामात, या जागी, दोन मिनिटं शुद्ध गेली तर काय होईल?

लावणी, खुरपणी, भाजी तोडणी, पाटी वाहणं: पडलीच तर चिखलात पडेल, खरचटेल. सोबतीच्या बायकांना माहीत असलं की झालं. मात्र लावणीच्या खाचरात पाणी तुंबलेलं असतं, तिथे एकटी सोडू नये. विहिरीच्या काठावर रहाट ओढणं नको. मळणी यंत्रात पेंढ्या सारणं नको, पिठाच्या गिरणीचा पट्टा नको, परातीवर उभं राहून काम करणं नको. ऊसतोडीत कोयता हाती असतो आणि पहाटे दोन-तीनला उठून गाडी भरायची असते. कोयत्यापेक्षा ती मोडलेली झोप घातक, असं मला वाटतं. मोळ्या बांधण्याचं काम तिच्याकडे द्यावं आणि झोपेचे तास तिचे तिला द्यावेत. टोळीत एवढी सवलत मिळणं किती अवघड असतं हे मी जाणते. पण मुकादमाला आधी सांगितलं तरच ती मागता तरी येते.

परिचारिकेच्या कामात श्रमाचं भय नाही, रात्रपाळीचं आहे. एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र, असा खेळ या मेंदूला चालत नाही. पुष्कळ ठिकाणी डॉक्टरांचं पत्र दाखवून एकाच पाळीची मागणी करता येते. वाहन चालवण्याचं मात्र स्पष्ट सांगते. आपल्याकडे परवान्याच्या अर्जाबरोबर जो आरोग्याचा कागद भरून द्यावा लागतो, त्यात अपस्मार आहे का असं विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहून स्कूटर घेऊ नका. मागे बसलेल्या लेकराचा काय दोष?

घरातलंही काम अंगमेहनतीचंच, आणि भाजून घेण्याचं सगळ्यात मोठं भय तिथेच. चुलीपुढे एकटीने बसणं टाळा. गॅस असेल तर भिंतीकडच्या शेगडीवर शिजवा, तव्याचा दांडा आत वळवा, उकळतं पातेलं उचलून नेण्यापेक्षा ताट पातेल्यापाशी न्या. न्हाणीघराला आतून कडी नको. बादलीने न्हावं, हौदात उतरू नये.

गोळीची डबी

आता माझ्या मते जे सगळ्यांत महत्त्वाचं, ते सांगते. औषध नीट चालू असेल तर दहांतल्या सुमारे सात जणांच्या फीट पुऱ्या थांबू शकतात. मग इतक्या बायकांच्या का थांबत नाहीत? कारण गोळी लपवावी लागते. माहेरी सांगतात, "लग्न होईपर्यंत कुणापाशी बोलू नकोस." सासरी गेल्यावर ती डबी कुठे ठेवणार? साड्यांच्या घडीत, तांदळाच्या डब्यात. पाहुणे असले की गोळी राहते. दोन दिवस, चार दिवस. आणि मग भर पंगतीत ती पडते. अचानक गोळी थांबवल्याने एकामागून एक फीट येत राहून जीव जाण्यापर्यंत पाळी येऊ शकते, हे सांगणाऱ्या आईलाही माहीत नसतं.

लपवण्याला एके काळी कायद्यानेही हातभार लावला होता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाबरोबर अपस्माराचे वारंवार येणारे झटकेही लग्नाच्या आड घातले होते. १९९९ मध्ये अपस्मार हा शब्द तिथून काढून टाकला. आज फीट येते म्हणून लग्नाला कायद्याची आडकाठी नाही. लपवून केलं म्हणून मात्र फसवणुकीचे आरोप होतात आणि घरं मोडतात. ठरवतानाच सांगितलेलं बरं. नकार येतील, येऊ देत. जो ऐकून हो म्हणेल त्याच्या घरात डबी देवळीत उघडी ठेवता येईल.

एका सणाविषयीही सांगायला हवं, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. हरतालिका. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, म्हणून सकाळची गोळी गेली, रात्रीची गेली, आणि वर रात्रभर जागरण! या विकाराला यापेक्षा वाईट दिवस शोधून सापडणार नाही. मंगळागौरीला फुगड्या घाला, झिम्मा खेळा, कमरेत पदर खोचून नाचा, काही होत नाही. पण गोळी वेळेवर आणि झोप पुरी. घरातल्या वडीलधाऱ्या बाईनेच म्हणावं, "तू गोळी घे, पाणी पी आणि नीज. तुझ्या वाटचं आम्ही जागतो." तिच्या तोंडून आलं म्हणजे सुनेला अपराध्यासारखं वाटत नाही.

कष्टाचं काम करणाऱ्या बाईने डॉक्टरांना आणखी काही गोष्टी आपणहून विचाराव्यात. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारख्या जुन्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर हाडं ठिसूळ होऊ शकतात, आणि ओझं उचलणारीला हाडं तर हवीतच. याच गोळ्यांमुळे कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचा असरही कमी होतो. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड घेणाऱ्या काही जणींना घाम कमी येतो, त्यांनी वैशाखातल्या उन्हात फार जपावं. व्हॅलप्रोएट गरोदरपणात चालू राहिल्यास शंभरांतल्या सुमारे दहा बाळांत जन्माचं व्यंग निघतं, तेव्हा मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, गोळी बदलून घ्या, फोलिक ॲसिड सुरू करा. दिवस राहिल्यावर घाबरून आपल्या मनाने औषध बंद करणं, हे तर त्याहून वाईट.

तुमच्यासमोर कुणाला आली तर

कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा नको. हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूचं विळी-कोयता दूर सारा, डोक्याखाली काही मऊ सरकवा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा. झटके ओसरले की कुशीवर वळवा, म्हणजे तोंडातली लाळ बाहेर पडेल. पूर्ण शुद्धीवर येईतो पाणी पाजू नका. आणि घड्याळ बघा! घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ वर फोन करून इस्पितळात न्या. नाकात फवारण्याचं मिडाझोलॅम नावाचं औषध आता मिळतं. ते घरी किंवा कामाच्या पिशवीत ठेवावं का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

शुद्धीवर आल्यावर ती गोंधळलेली असते, कधी कपडे ओले झालेले असतात. भोवतीची गर्दी हटवा, अंगावर एखादी चादर घाला. उठून लगेच कामाला लागू देऊ नका, तासभर झोपू द्या. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढू मात्र नका.

आणि तुम्हाला स्वतःला हा त्रास असेल, तर आज रात्रीच एक चिठ्ठी लिहा. नाव, घरच्या माणसाचा फोन, डॉक्टरांचा फोन, औषधाचं नाव आणि ते किती वेळा घेता. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेच्या बटव्यात किंवा ओळखपत्राच्या मागे ठेवा. तशीच दुसरी चिठ्ठी, जिच्या शेजारी उभं राहून तुम्ही रोज काम करता, त्या बाईच्या हातात द्या आणि तिला वाचून दाखवा.